पाच युरोंनी महाग घर

एन्स्खेडे, ३ फेब्रुवारी २०१९

बेरेंड,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. तुझ्या कंपनीच्या कचेरीतल्या बाई म्हणाल्या, गाळ काढणारी जहाजं महिनोन्महिने एकाच बंदरात असतात, टपाल पोहोचतं, फक्त उशिरा. उशीर चालेल. बाबांना पुरून चार वर्षं झाली, तेव्हापासून तू घरी आलेला नाहीस.

कळवायचं एवढंच की आईचा पत्ता बदलला. शुक्रवारी आम्ही तिला गिरणीमागच्या रांगेतल्या घरातून हलवलं. आता ती रेल्वेपलीकडच्या नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट आहे, खिडक्यांना तिहेरी काच आहे, आणि भिंतीवर हात ठेवला तर तो कोरडा राहतो. जुन्या घरात पलंगामागची भिंत कशी होती ते तुला आठवत असेल. तू गेल्यानंतर ती छतापर्यंत काळी झाली होती. रांग नव्या मालकाने विकत घेतल्यापासून भाडं दरवर्षी वाढवलं, बुरशीला मात्र कुणी हात लावला नाही. फुप्फुसाच्या डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं, अजून दोन हिवाळे या घरात काढलेत तर तिसऱ्याची खात्री मी देत नाही.

भाडं फक्त पाच युरोंनी जास्त आहे. जुनं सातशे सव्वीस होतं, हे सातशे एकतीस. निम्मं भाडं आत्तापर्यंत सरकारी भाडेमदतीतून निघत होतं, तसंच निघेल. कागदपत्रं सगळी मी केली. मी वस्तीच्या मदतकेंद्रात नोकरीला लागले हे तुला माहीत नसेल. लोक अर्ज, नोटिसा, दंडाची पत्रं घेऊन येतात आणि मी त्यांना वाट दाखवते. शेजारची दीना मावशी सगळ्यांना सांगत फिरते, "आलेइडाची पोरगी आता आमची वकीलीणबाई आहे, तिच्यापुढे नीट बोला."

आईने रिवाजाप्रमाणे नव्या शेजाऱ्यांना कॉफीला बोलावलं. बेदाण्यांचा हातभर लांब पाव आणला, आठ कप मांडले. एकच गृहस्थ आले. त्यांना वाटलं लिफ्टच्या देखभालीची बैठक आहे. तरी दोन काप खाऊन गेले.

पैसे मागायला लिहीत नाही. फक्त पत्ता कळवायचा होता.

फेना


२४ मार्च

बेरेंड,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांनी चार शब्द: "तिला जायचं होतं का?"

हा काय प्रश्न झाला? आजारी माणसाला ओल्या घरातून कोरड्या घरात जायचं नसतं का? आईचा खोकला कमी झालाय. रात्रीची सलग झोपते. परवा तिने खिडक्या आतून-बाहेरून पुसल्या आणि दम न लागता मला फोनवर पंधरा मिनिटं झापलं, कारण मी भेटायला जाताना बूट दाराबाहेर काढले नव्हते. "नवं घर आहे, गोठा नाही," म्हणाली. हे सगळं तुला चार शब्दांत कसं सांगू?

तिला दीना मावशीची आठवण येते, हे खरं. तिकडे दोघींची मागची दारं लागून होती, दिवसातून सहा वेळा येणं-जाणं होतं. आता मावशी बसने येते, म्हणजे बुधवारी. मधल्या सहा दिवसांत आई रेडिओशी भांडते.

कागदांचा एक लहानसा घोळ झाला आहे. भाडेमदतीचं पत्र आलंय, ते मी निस्तरते आहे. माझं रोजचंच काम आहे ते.

जहाज कुठे आहे ते तरी लिही.

फेना


१२ मे

बेरेंड,

मागच्या पत्रात मी "लहानसा घोळ" लिहिलं. तो लहान नाही आणि घोळही नाही.

आईची भाडेमदत बंद झाली आहे. कमी नाही, पूर्ण बंद. पत्र आलं तेव्हा मला वाटलं संगणकाची चूक असेल. मी ते केंद्रातल्या रुलोफसमोर ठेवलं. वीस वर्षं तो हेच काम करतो, निवृत्तीला दोन वर्षं आहेत, आणि तो चष्मा काढून बोलायला लागला की समोरच्याने ओळखायचं, बातमी वाईट आहे. त्याने चष्मा काढला.

"जुनं भाडं किती होतं?"

"सातशे सव्वीस."

"आणि मदतीची मर्यादा?"

"सातशे वीस. पण जुनं भाडंही मर्यादेच्या वरच होतं की. तरी मदत मिळत होती."

"मिळत होती, कारण ती घरात राहत असताना भाडं मर्यादेच्या वर गेलं. आधीपासून आत असलेल्याला बाहेर काढत नाहीत. पण तो हक्क त्या घराला चिकटलेला होता, फेना, आईला नाही. किल्ली परत दिली त्या दिवशी तो संपला. नव्या घराकडे आता नव्याने बघणार. आणि नवं घर मर्यादेबाहेर आहे."

"अकरा युरोंनी. अकरा युरोंसाठी साडेतीनशे युरोंची मदत जाते?"

"एका युरोसाठीही गेली असती. हा उतार नाही, कडा आहे." मग त्याने पत्र माझ्याकडे सरकवलं. "हे सही करायच्या आधी तू मला का विचारलं नाहीस?"

मी काहीतरी उत्तर दिलं. खरं उत्तर असं की मला विचारायची गरज वाटली नव्हती. चार वर्षं मी हेच शिकले. घरातली पहिली पदवीधर. ज्या दिवशी पदवी मिळाली त्या दिवशी आईने प्रमाणपत्र बाबांच्या फोटोशेजारी लावलं आणि म्हणाली, "आता आपल्याला कुणी कागदावरून फसवणार नाही."

आता तुझ्या चार शब्दांचं उत्तर. नाही. तिला जायचं नव्हतं.

ती म्हणाली होती, "इथे दीना आहे."

"आई, भिंतीवर बुरशी आहे."

"ती माझ्या आधीपासून आहे. आमची ओळख आहे."

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"डॉक्टरला माझी फुप्फुसं दिसतात. संध्याकाळ दिसत नाही."

मी तीन आठवडे तिच्या मागे लागले होते. शेवटी ती थकली. मी तिच्या हातात पेन दिलं. तिने विचारलं, "तू सगळं वाचलंस ना?" मी म्हटलं, "वाचलंय." तिने सही केली, चष्मा न लावता.

तिला अजून काही माहीत नाही. दर महिन्याच्या वीस तारखेला भाडेमदत जमा व्हायची, त्याच तारखेला मी माझ्या पगारातून तेवढी रक्कम तिच्या खात्यात टाकते. ती छापील हिशेबात फक्त आकडा बघते, नाव बघत नाही. हे मी किती महिने करू शकेन ते मला ठाऊक आहे. फार नाहीत.

एक मार्ग आहे. भाडं सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत भाडे समितीकडे अर्ज करता येतो. त्यांचा माणूस येऊन घर मोजतो, प्रत्येक गोष्टीला गुण देतो, आणि गुण कमी भरले तर मालकाला भाडं मर्यादेच्या आत आणावं लागतं. मग मदत पुन्हा सुरू होते. मी अर्ज केला आहे. यावेळी दोनदा वाचून.

फेना


३० ऑगस्ट

बेरेंड,

जूनमध्ये तुझं जहाज पश्चिम आफ्रिकेत होतं असं कचेरीतून कळलं. तुझं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण हे सांगण्यासारखं दुसरं माणूस मला नाही.

मंगळवारी समितीचा माणूस येऊन गेला. आईला मी सांगितलं होतं की घराची नेहमीची तपासणी आहे. माझी चूक तिथेच झाली. "तपासणी" हा शब्द आईसमोर उच्चारायचा नसतो, हे मला कळायला हवं होतं. तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कचेऱ्यांच्या फरश्या पुसल्या, तपासनीस म्हणजे तिच्यासाठी काय ते मला माहीत होतं.

मी सकाळी पोहोचले तर घर चकाकत होतं. पडदे धुऊन परत लावलेले. नळांची तोंडं व्हिनेगरने घासलेली. टेबलावर सफरचंदाचा केक. आईने निळा ब्लाउज घातला होता, जो ती फक्त दफनाला आणि मतदानाला घालते.

माणूस तरुण होता, नम्र होता. लेझरने खोल्या मोजत होता आणि आई त्याच्यामागून चालत होती.

"इथे आधी बघा. हे न्हाणीघर. एक डाग सापडला तर मला सांगा."

"छान ठेवलंय, बाई."

"आणि ही खिडकी. हात लावा. लावा हो, घाबरता काय. लागतो का वारा?"

"नाही लागत."

"पूर्ण फेब्रुवारीत मी हीटर दोनवर ठेवला होता. दोनवर! जुन्या घरात पाचवर ठेवून कोट घालून बसायचे. याला घर म्हणतात."

त्याने लिहून घेतलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आईच्या प्रत्येक वाक्यागणिक त्याचं पेन हलत होतं. खरं म्हणजे तो तिच्या बोलण्यावरून गुण देत नव्हता, ते मला कळत होतं. त्याच्याकडे इमारतीचा ऊर्जेचा दाखला होता, त्यात सगळं आधीच लिहिलेलं होतं. घर जितकं कोरडं आणि उबदार, तितके गुण जास्त. ज्यासाठी मी तिला इथे आणलं, त्याचेच सगळ्यात जास्त गुण.

जाताना आईने त्याला केकचे दोन तुकडे कागदात बांधून दिले. "नियमाने घेता येत नाही," तो म्हणाला.

"नियमाने खाऊ नका मग, भुकेने खा."

त्याने घेतले. दार लागल्यावर आई माझ्याकडे वळली. तिचा चेहरा उजळला होता. "बघितलंस? त्याला एकही खोट सापडली नाही."

मी म्हटलं, "नाही सापडली, आई."

फेना


२० ऑक्टोबर

बेरेंड,

निकाल आला. घर मर्यादेच्या दोन गुणांनी वर आहे. भाडं योग्य आहे, बदल नाही.

मला वाटलं होतं की पत्र माझ्याकडे येईल. अर्जदार म्हणून नाव आईचं होतं, त्यामुळे ते आईकडे गेलं. तिने ते वाचलं. बुधवारी दीना मावशी आल्यावर दोघींनी मिळून पुन्हा वाचलं.

गुरुवारी सकाळी केंद्रात माझ्यासमोर सात जण वाट बघत होते. चार नंबरची चिठ्ठी पुकारली आणि आई उठून आली. निळा ब्लाउज. ती दोन बस बदलून आली होती, इतरांसारखी यंत्रातून चिठ्ठी काढून पाऊण तास बाकावर बसली होती, आणि मी मान वर करून पाहिलंही नव्हतं.

ती समोरच्या खुर्चीवर बसली. पर्स मांडीवर ठेवली.

"बाई, मला एक विचारायचंय."

"आई, इथे नको. मी संध्याकाळी येते."

"मी नंबर घेतलाय." तिने चिठ्ठी टेबलावर ठेवली. "मला भाडेमदत मिळते का?"

"नाही."

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून."

"मग दर वीस तारखेला कोण पाठवतं?"

तिला उत्तर माहीतच होतं, पण तिने मला सोडलं नाही.

"मी," मी म्हटलं.

"तुझी रजा, तुझी सायकल, तुझा हिवाळी कोट, जो तू यंदा घेणार होतीस आणि घेतला नाहीस."

"आई, ते माझं मी बघेन."

"कागद बघेन म्हणालीस. कागद बघितलेस. आता पैसे बघेन म्हणतेस." आवाज अजिबात चढला नव्हता. "तुला शिकवायला मी पहाटे चारला उठून बँकेच्या फरश्या पुसल्या. त्या मी पुसल्या, तुला नाही पुसायला लावल्या. त्याची फेड करायची नाही. कळलं?"

"मला वाटलं मी सावरेन."

"तुला वाटलं मी लहान आहे." ती उठली. मागे पाच नंबरचा माणूस दंडाची पत्रं घेऊन उभा होता. आई त्याला म्हणाली, "बसा. हुशार आहे ती. फक्त विचारा की वाचलंय का."

त्याला वाटलं गंमत आहे. तो हसला.

बेरेंड, पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की पैसे मागायला लिहीत नाही. आता मागते आहे. उन्हाळ्यापर्यंत जरी आपण दोघांनी मिळून निभावलं, तर मी तोवर स्वस्त घर शोधीन. आईचं नाव घरांच्या प्रतीक्षायादीत कधी नव्हतंच, तिला वाटायचं ती मरेपर्यंत त्याच रांगेत राहणार. आता घातलंय. सरासरी सहा वर्षं लागतात. जुन्या घरी परतता येत नाही, तिथे मालकाने चार विद्यार्थी ठेवलेत, खोलीमागे भाडं घेतो.

दफनाच्या दिवशी आईने तुला सगळ्यांदेखत काय म्हटलं ते मी विसरलेले नाही. शेजाऱ्यांनी शवपेटी उचलली, तू एक तास उशिरा आलास, आणि कॉफीच्या टेबलाशी ती म्हणाली, "ती खुर्ची दीनाला दे." मला तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. मी कप विसळत राहिले.

फेना


२२ डिसेंबर

बेरेंड,

तुझे पैसे आले. सोबत एक ओळही नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, "पैसे पाठवतो म्हणजे बोलायची तयारी अजून नाही." मग थोड्या वेळाने, "जहाजावर जेवण तरी बरं मिळत असेल."

पण पैसे उशिरा आले. त्याआधीच तिने घर सोडायची नोटीस स्वतः लिहून टाकली होती. शाळेतल्या अक्षरात, एका पानावर, कुणालाही न विचारता. मालकाने ती स्वीकारली. मी फोन केला, मागे घेता येईल का म्हणून. ते म्हणाले पुढचा भाडेकरू ठरला आहे, महिना आठशे दहाने.

पहिल्या डिसेंबरला ती माझ्याकडे आली. माझी खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, चौसष्ट पायऱ्या. चढायला तिला पंचवीस मिनिटं लागली. प्रत्येक वळणावर ती पायरीवर बसायची आणि वर बघायची, जणू कुणी पायऱ्या वाढवतंय. नऊ दिवस ती खाली उतरली नाही. दहाव्या दिवशी सकाळी दीना मावशी आपल्या भाच्याची व्हॅन घेऊन आली, खालून घंटा वाजवली आणि वर यायचे कष्ट न घेता बोलली, "आलेइडा, मागची खोली रिकामी केली आहे. उतरायला काही जोर लागत नाही, चल."

मी आईला जिन्यात अडवलं आणि वरूनच म्हटलं, "मावशी, तुझी मागची खोली म्हणजे आमच्या जुन्या भिंतीची दुसरी बाजू. तीच ओल आहे तिथे."

"आहे. पण तिथे मी पण आहे."

"डॉक्टर म्हणाले होते..."

"फेना," आई म्हणाली, "मी ऐकलं होतं डॉक्टरचं. तू एकटीनेच ऐकलं असं समजू नकोस."

तर ती आता रांगेत परत आहे, एक दार अलीकडे. मी रविवारी जाऊन आले. तिच्या उशामागे काळे ठिपके आहेत, अजून कपाटाएवढेच. तुझ्या पैशांतून मी ओल शोषणारं यंत्र घेतलं. ते रोज एक बादली पाणी काढतं, दुसऱ्या दिवशी भिंत पुन्हा देते. आईचा खोकला परत आलाय, खालून निघणारा, तुला आवाज माहीत आहे. दोघी मटारचं सूप करतात आणि पत्ते खेळतात. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा मी तिला हसताना ऐकलं, आणि हसण्याचा शेवट खोकल्यात झाला.

आता जे लिहायचंय ते.

आईचं नाव दीना मावशीच्या पत्त्यावर लागलं, तर दोघी एकत्र राहतात असं धरलं जाईल. दोघींची पेन्शन कापली जाईल आणि मावशीची भाडेमदत घटेल. मावशीचंही भाडं मर्यादेच्या वर गेलेलं आहे, तिचाही हक्क त्या घराला चिकटलेलाच आहे. या दोघींना मी आणखी एका पत्रात ढकलू शकत नाही. मुलीकडे आई राहिली तर मात्र पेन्शन कापत नाहीत. तो नियम मी यावेळी तीन वेळा वाचला.

सोमवारी मी नगरपालिकेत गेले. खिडकीतली बाई मला ओळखते, मी तिच्याकडे लोक पाठवते. तिने फॉर्म दिला. "आई तुमच्याकडे राहणार? बरं झालं. या वयात एकटं नको." मी भरला. तळाशी छापलेलं असतं, वरील माहिती खरी आहे. या ओळीखाली कशी सही करायची ते मी लोकांना शिकवते, विचार करून करा म्हणते, हिच्यावरून तुम्हाला परत बोलावलं जाऊ शकतं. मी विचार करून केली.

केंद्रात रुलोफने विचारलं, "आई कुठे असते हल्ली?"

"माझ्याकडे."

"चौथ्या मजल्यावर?"

"हो."

त्याने चष्मा काढला नाही. फक्त म्हणाला, "मग बरं," आणि पुढचा नंबर पुकारला.

आईने मला एकच अट घातली आहे. मी दिवसाउजेडी त्या रांगेत जायचं नाही, कारण तिथे मला सगळे ओळखतात आणि मदतकेंद्राची मुलगी रोज दीनाकडे का येते असं कुणी विचारलं तर तिला खोटं बोलता येणार नाही. "तुला येतं," म्हणाली. रागाने नाही. माझ्याबद्दलची एक माहिती सांगावी तसं.

डॉक्टरांची पुढची तपासणी जानेवारीत आहे. ते विचारतील घर कसं आहे. आईने मला सांगून ठेवलंय, सोबत यायचं नाही, आणि उत्तर तिने ठरवलेलं आहे.

तू खरंच येणार असशील तर आधी कळव. सरकारी कागदावर आईचा पत्ता माझा आहे: चौथा मजला, डावीकडचं दार. तिथे येऊ नकोस, तिथे ती नसते.

फेना